आधी भिंत, मग पुराण : रोमन पद्धतीची चित्रभिंत करताना

रोमन घराच्या भिंतीवर पुराणकथेला जागा फार थोडी असते. ज्वालामुखीत गाडल्या गेलेल्या पॉम्पेई या रोमन शहरातल्या एखाद्या जेवणघराची भिंत दहा-बारा फूट रुंद असली, तरी तिच्या मधोमध असलेले वीर पर्सियस आणि त्याने सोडवलेली राजकन्या अँड्रोमेडा यांचे चित्र एक ते दोन हात रुंद भरते. बाकी भिंत लाल, पिवळ्या किंवा काळ्या सपाट रंगाची. तिच्यावर काडीसारखे बारीक खांब, उभी शमादाने (दिव्यांचे उंच दांडे), फुलांचे हार आणि किनारी. आपल्याकडे हौसेने करवून घेतलेल्या रोमन भिंती बिघडतात त्या इथेच. देव-देवता पुरुषभर उंचीच्या रंगवल्या जातात, त्यांच्यामागे ढग आणि संगमरवरी खांब येतात, आणि सगळे मिळून नाटकाचा पडदा होतो.

बडोद्यात हा घोटाळा होण्याचे कारण समजण्यासारखे आहे. भिंतीवरची पुराणकथा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रावपुऱ्यातला तांबेकर वाडा येतो, कृष्णलीला आणि महाभारताने भिंती भरून टाकलेला. नाहीतर कीर्तिमंदिरातली नंदलाल बोसांची भित्तिचित्रे येतात, जिथे एकेक भिंत म्हणजेच एकेक कथा. दोन्ही थोरच. पण त्यांची रचना वेगळी आणि रोमन भिंतीची वेगळी. रोमन कारागीर आधी भिंतीची वास्तू रंगवतो आणि तिच्यात चित्र टांगल्याचा भास करतो. म्हणून कामाचा क्रमही तोच ठेवावा: माप, गिलावा, सपाट रंग, नक्षी आणि सगळ्यांत शेवटी कथा.

इतिहास कामापुरता सांगतो. इ.स. ७९ मध्ये व्हिसुव्हियस ज्वालामुखीने गाडलेल्या हर्क्युलेनियमचे उत्खनन १७३८ मध्ये सुरू झाले, पॉम्पेईचे १७४८ मध्ये. १८८२ मध्ये ऑगस्ट माउ या जर्मन अभ्यासकाने तिथल्या भिंतींच्या चार शैली ठरवल्या. पहिलीत गिलाव्यातून रंगीत दगडांचा भास केलेला, दुसरीत खांब-कमानींमधून भिंतीपलीकडचे दृश्य, तिसरीत सपाट रंगावर नाजूक नक्षी आणि मधले चित्र, चौथीत या सगळ्याचा मेळ. घरासाठी तिसरी किंवा चौथी धरावी. दुसऱ्या शैलीला मोठी खोली आणि यथार्थदर्शनावर (सपाट भिंतीवर खोली भासवण्यावर) पक्का हात लागतो. लहान फ्लॅटमध्ये ती कोंदट वाटते.

शमादानाच्या दांड्यावर बसलेले पक्षी, वेलीतून उगवणारी अर्धी माणसे, शेपटीच्या जागी पाने असलेले प्राणी ही नक्षी रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हिअसला मुळीच पसंत नव्हती. जे जगात नाही आणि असू शकत नाही ते का रंगवता, अशी त्याची तक्रार होती. पंधराव्या शतकाच्या शेवटी रोममध्ये सम्राट नीरोच्या जमिनीखाली गेलेल्या महालात हीच नक्षी सापडली, आणि चित्रकार राफाएल व जोव्हान्नी दा उदिने यांनी ती व्हॅटिकनच्या सज्जात आणली. युरोपातल्या राजवाड्यांत पुढे 'पॉम्पेई पद्धतीची' दालनेही झाली. आपल्याला पोथ्या-पुस्तकांतून दिसते ते बरेचदा हे तिसऱ्या हाताचे रूप असते, म्हणून रेघ घ्यायची तर मूळ भिंतींच्या छायाचित्रांवरून घ्यावी.

आता माप. दहा फूट रुंद आणि नऊ फूट उंच भिंत धरू, म्हणजे १२० बाय १०८ इंच. उंचीचे तीन पट्टे पाडावेत: खालचा २० इंच, मधला ६४, वरचा २४. मधल्या पट्ट्याचे रुंदीत तीन भाग: मधला ४४ इंच, दोन्ही बाजूंचे ३४-३४, आणि त्यांच्यामध्ये शमादानांसाठी ४-४ इंचांच्या दोन उभ्या पट्ट्या. कथेचे चित्र १८ बाय २२ इंच, त्याची खालची कड जमिनीपासून ४६ इंचांवर. सोफ्याची पाठ साधारण ३२ ते ३४ इंच उंच असते, तिच्यावर एवढी मोकळी जागा राहिलीच पाहिजे. बाजूच्या भागांत नऊ-दहा इंचांची एकेक तरंगती आकृती पुरे: मद्याचा देव बॅकस याची झांजा वाजवणारी दासी, फळांची परडी घेतलेला क्युपिड म्हणजे पंखांचा बाळमदन. त्यांच्या पायाखाली जमीन काढायची नाही. जमीन काढली की त्या तरंगत नाहीत, आणि मधल्या चित्राशी भांडू लागतात.

रंगांची नेहमीची जोडणी म्हणजे खाली काळा, मध्ये लाल, वर पांढरा. खोली दहा बाय दहाची आणि एकाच खिडकीची असेल तर मधला पट्टा पिवळा किंवा पांढरा करावा. रोमन घरांतही दुय्यम खोल्यांना पांढरी जमीन, म्हणजे नक्षीमागचा सपाट रंग, असे. पांढऱ्या जमिनीवर बारीक लाल रेघा आणि हिरवे हार फार प्रसन्न दिसतात, आणि खर्चही कमी होतो. काळी जमीन सगळ्यांत अवघड, तिच्याबद्दल पुढे लिहितो.

चौथ्या शैलीत रंगीत चौकोनाच्या कडेने आतल्या बाजूला दोन इंचांची जाळीदार किनार असते, साडीच्या काठासारखी. अर्धवर्तुळ, त्यात पान, पुन्हा अर्धवर्तुळ. ही किनार छापा मारून करू नये. कंपासने अर्धवर्तुळे ओल्या गिलाव्यात हलकी कोरून घ्यावीत आणि आतले पान हाताने काढावे. पॉम्पेईत सुतळीचे ठसे आणि कंपासचे चरे आजही दिसतात. रेघ शिस्तीची आणि भरणी मोकळ्या हाताची, या मेळामुळेच ती भिंत जिवंत वाटते. छाप्याची किनार लांबून वॉलपेपर दिसते.

कथा निवडताना आपल्या मूर्तिशास्त्राची सवय कामी येते. आयुध आणि वाहन यांवरून देव ओळखायचा. हर्क्युलिसची गदा आणि सिंहाचे कातडे, मर्क्युरीची पंखांची टोपी आणि सापांची काठी, बॅकसच्या हातात आयव्हीने वेढलेला दंड आणि सोबत बिबट्या, पर्सियसच्या पायांत पंख आणि हातात मेडुसा या राक्षसीचे मुंडके. ही खूण सुटली तर चित्रातला तरुण कोणीही ठरतो. त्वचेचा संकेतही पाळावा: पुरुष तांबूस तपकिरी, स्त्रिया फिकट.

पण त्याहून महत्त्वाचा आहे कथेतला क्षण. रोमन चित्रकार बरेचदा घटना घडण्याच्या किंचित आधी किंवा नंतर थांबतो. मिडिया म्हणजे नवऱ्यावरच्या सूडापायी स्वतःची मुले मारणारी आई, पण पॉम्पेईतल्या डायोस्कुरींच्या घरातली मिडिया मुलांना मारत नाही. ती तलवारीच्या मुठीवर हात ठेवून उभी आहे, आणि मुले निर्धास्त खेळत आहेत. त्याच घरातल्या पर्सियस-अँड्रोमेडाच्या चित्रात झुंज संपलेली आहे. पर्सियस तिचा हात धरून तिला खडकावरून उतरवतो आणि मेडुसाचे मुंडके पाठीमागे लपवतो. शोककवीचे घर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वास्तूत इफिजिनियाच्या बळीच्या चित्रात तिचा बाप आगामेम्नॉन चेहरा झाकून उभा आहे. अठरा इंचांत लढाई मावत नाही, थांबलेला हात मावतो.

मराठी घरासाठी माझी पहिली पसंती प्रियकर थीसियसने सोडून दिलेल्या एरिॲडनीला आहे. ती झोपेतून उठते तेव्हा नॅक्सॉस बेटावर एकटीच असते, आणि दूर समुद्रात थीसियसचे गलबत निघून चाललेले दिसते. शेजारी एक क्युपिड डोळे पुसतो. दमयंतीला रानात झोपलेली सोडून जाणारा नल ज्याला माहीत आहे, त्याला हे चित्र समजावून सांगावे लागत नाही. रचनाही सोपी: पुढे एक बसलेली आकृती, मागे तिरपी किनाऱ्याची रेघ, वर कोपऱ्यात बोटभर गलबत. दुसरी पसंती राक्षस पॉलिफिमस आणि त्याला आवडलेली जलपरी गॅलेटिया यांना. बोस्कोत्रेकासेच्या बंगल्यातले याच विषयाचे चित्र आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्यात एकाच निसर्गदृश्यात तो एकडोळ्या धनगर एकदा गॅलेटियाकडे पाहत बसलेला आहे आणि एकदा ओडिसियसच्या गलबतावर खडक भिरकावतो आहे. एका चौकटीत दोन प्रसंग ही रीत आपल्याला परकी नाही.

तीन भिंती करायच्या असतील तर तीन कथा एकमेकींशी बोलल्या पाहिजेत. पॉम्पेईतल्या वेट्टी बंधूंच्या घरातल्या एका खोलीत बाळ हर्क्युलिस साप चिरडतो, पेन्थियसला बॅकसच्या भक्तिणी फाडतात आणि डर्कीला बैलाला बांधले जाते. देवाचे सामर्थ्य आणि त्याच्याशी वैर धरणाऱ्याची गत, असा धागा तिन्हींतून जातो. आपण जेवणघरात एवढा रक्तपात आणू नये, पण धाग्याचा विचार तसाच करावा. एका भिंतीवर लीडा, दुसरीवर हर्क्युलिस आणि तिसरीवर आवडला म्हणून इकॅरस, अशी भरती केली की खोली चित्रांचे दुकान होते.

गिलाव्याकडे वळू. दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या जुन्या वाड्यांच्या भिंती चुन्याच्याच असतात. त्यांचा पोकळ वाजणारा भाग तेवढा काढून नवा थर देता येतो. गोत्री किंवा मांजलपूरच्या नव्या फ्लॅटमध्ये सिमेंट, त्यावर पुट्टी, त्यावर इमल्शन असते. इमल्शनवर चुना धरत नाही. पुट्टी आणि प्लास्टर विटेपर्यंत काढावे लागते. पीओपी असेल तर त्याचा कणही ठेवू नये, कारण ओल लागली की त्यातले सल्फेट सरकते आणि नवा थर फुगवते. भिंतीला लोणा (ओलीने वर येणारे क्षार) असेल तर आधी ओलीचे कारण शोधावे. अशा भिंतीवर केलेले चित्र पहिल्याच पावसाळ्यानंतर भुकटी होऊन गळते.

चुना हा सगळ्याचा प्राण. कळीचा चुना भाजलेल्या चुनखडीचा. तो पाण्यात भिजवला की विरी जातो, आणि भिंतीवर हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी होतो. ओल्या गिलाव्यावर लावलेला रंग या नव्या स्फटिकांत अडकतो, वेगळा डिंक लागत नाही. भिजवताना लोखंडी पिंपात चुन्याच्या तिप्पट-चौपट पाणी आधी घ्यावे आणि त्यात कळ्या थोड्या थोड्या सोडाव्यात. चुन्यावर पाणी ओतू नये, उकळी अंगावर उडते. चष्मा आणि रबरी हातमोजे हवेतच. थंड झालेला लगदा बारीक जाळीतून गाळून पाण्याखाली किमान तीन महिने ठेवावा. तीन वर्षांपेक्षा ताजा चुना ठेकेदाराने वापरू नये असा जुना नियम होता, असे रोमन लेखक प्लिनी लिहितो. पिशवीतली चुन्याची भुकटी या कामाला घेऊ नये. गोदामात पडून तिचा काही भाग आधीच चुनखडी झालेला असतो, तेवढी तिची पकड मेलेली असते.

व्हिट्रुव्हिअस वाळूचे तीन आणि संगमरवराचे तीन थर सांगतो. पॉम्पेईतही एवढे थर क्वचितच सापडतात. आपल्याला तीन पुरतात. पहिला १२ मिमी, एक भाग चुना आणि तीन भाग जाड वाळू. दुसरा ८ मिमी, एकास दोन बारीक वाळू. तिसरा ३ मिमी, दोन हातांत, चुना आणि संगमरवराची भुकटी समसमान. ओरसंग नदीची वाळू चांगली, पण पाणी निवळ येईपर्यंत धुवावी. वाळूत माती राहिली की थराला जाळीसारख्या बारीक भेगा पडतात. नव्वद चौरस फुटांच्या भिंतीला पहिल्या थराची वाळू सुमारे १०० लिटर, दुसऱ्याची ६७ लिटर, आणि वरचा संगमरवरी माल २५ लिटर लागतो. सगळा मिळून चुन्याचा लगदा ८० ते ९० लिटर धरावा. पहिला थर दोन-तीन आठवडे सुकू द्यावा, मग दुसरा. प्रत्येक थराआधी रात्री आणि सकाळी पाणी मारायचे. कोरडी भिंत नव्या थरातले पाणी ओढून घेते आणि तो थर पापुद्र्यासारखा सुटतो.

बडोद्यात या कामाचे दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात वरचे पाणी इतक्या लवकर उडते की चुन्याला धरायला ओलच उरत नाही, आणि रंग बोटाला येतो. पावसाळ्यात उलट अडचण: थर सुकत नाही, बुरशी धरते.

वरचा थर मात्र एका दमात सगळ्या भिंतीवर चढवायचा नाही. जेवढे एका दिवसात रंगवून होईल तेवढाच. काम वरून खाली येते, म्हणजे खालचा पुरा झालेला भाग शिंतोड्यांनी बिघडत नाही. वर दिलेल्या मापात पहिल्या दिवशी वरचा पट्टा, पुढचे तीन दिवस मधले तीन भाग, पाचव्या दिवशी खालचा पट्टा. सांधे शमादानांखाली आणि पट्ट्यांच्या रेघांखाली लपतात. कथेच्या चित्राची जागा मधल्या भागातून ओला थर कापून रिकामी ठेवावी आणि सहाव्या दिवशी तिथे ताजा थर भरावा. त्याचा सांधा रंगवलेल्या चौकटीखाली जातो. रोमन भिंतींवरही मधले चित्र बरेचदा असेच वेगळ्या दिवशीचे आहे.

रंग मातीचे घ्यावेत. गेरू, पिवळी माती म्हणजे रामरज, हिरवी माती, हाडांचा किंवा कोळशाचा काळा, चुन्याचा पांढरा. गेरू काष्टौषधीच्या दुकानात मिळतो, पण त्यात कधी कधी रंग मिसळलेला असतो. चिमूटभर गेरू चुन्याच्या निवळीत कालवून काचेच्या पेल्यात एक दिवस ठेवावा. वरचे पाणी रंगीत झाले तर तो घेऊ नये. पॉम्पेईचा लाल रंग नुसत्या गेरूने येत नाही, तो विटकरी पडतो. चार भाग गेरूला एक भाग रेड ऑक्साइड घातले की खोली येते. सगळे रेड ऑक्साइडच घातले तर रंग भडक होतो आणि घोटूनही चमकत नाही, कारण चमक गेरूतल्या चिकणमातीमुळे येते. श्रीमंत रोमन घरांत हिंगूळ वापरत. तो उन्हाने काळवंडतो, आणि त्यात पारा असतो, म्हणून तो वर्ज्य. शेंदूरही वर्ज्य, त्यात शिसे. जुना निळा म्हणजे वाळू, तांबे, चुना आणि क्षार एकत्र भाजून केलेला काचेसारखा पदार्थ. त्याच्या जागी अल्ट्रामरीन चालतो. प्रशियन ब्लू चुन्यात तपकिरी होतो, आणि कपड्याची द्रवरूप नीळ उडून जाते.

रंग रात्रभर पाण्यात भिजवून पाट्यावर घोटावा. ओला रंग सुकल्यावर बराच फिका पडतो, म्हणून प्रत्येक छटा आधी सुक्या विटेच्या तुकड्यावर लावून पाहावी. थराला बोट टेकवल्यावर बोटाला माल लागत नाही पण गारवा लागतो, तेव्हा रंगाला हात घालायचा. थंडीत तिथून सहा ते आठ तास मिळतात. ब्रश अडखळायला लागला की थांबावे. त्यापुढे लावलेला रंग भिंत पीत नाही. जमिनीचा रंग पातळ, दोन-तीन हात, आडवा-उभा.

घोटाईसाठी अकीक. खंभातसारखे अकीकाचे गाव शेजारी असताना दुसरे काही शोधू नये. बदामाच्या आकाराचा, कड नसलेला दगड घ्यावा. वरची ओली चकाकी गेली की लहान गोल फेऱ्यांनी, हलक्या दाबाने घोटायला लागावे आणि दाब हळूहळू वाढवावा. लवकर घोटले तर रंगासकट थर उचलला जातो. उशीर झाला तर राखाडी ओरखडे पडतात, आणि ते पुसता येत नाहीत. काळ्या जमिनीवर हे ओरखडे सगळ्यांत जास्त दिसतात. शिवाय काजळी पाण्यावर तरंगते, तिला आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलचे काही थेंब लावून मळावे लागते. पहिली भिंत काळी करू नये, एवढेच सांगेन. आणि कुठलीही भिंत धरण्याआधी दोन बाय दोन फुटांचा नमुना करावाच. त्याला पहिल्या थराचा साडेचार लिटर माल, दुसऱ्याचा तीन लिटर आणि वरचा सव्वा लिटर पुरतो.

आकृतीसाठी पूर्ण मापाचा खाका काढून टोचून घ्यावा आणि कोळशाच्या पुरचुंडीने झाडावा. बाह्यरेषा पातळ रामरजेने. अंगाला रामरज, चुना आणि किंचित गेरू. सावलीला हिरवी माती, तिच्यावर तांबूस तपकिरी तिरप्या रेघा. रोमन चित्रकार छटा गुळगुळीत मिसळत बसत नाही. रेघ रेघेशेजारी टाकतो, आणि चार पावलांवरून ती गोलाई दिसते. उजेड खोलीच्या खऱ्या खिडकीच्या बाजूनेच येतो असे रंगवावे. खिडकी डावीकडे आणि खांबांची सावलीही डावीकडे, असे झाले की कारण न कळताही पाहणाऱ्याला भिंत खोटी वाटते.

घोटलेल्या जमिनीवरचे हार, शमादाने, तरंगत्या आकृती यांना ओल पुरत नाही. तिथे चुना-केसीन, म्हणजे चुना आणि दुधातले प्रथिन यांचा चिकटा. साय काढलेल्या दुधाचा चक्का पाच भाग, चुन्याचा लगदा एक भाग, दहा मिनिटे घोटला की तो सरसासारखा चिकट होतो. त्यात दुप्पट ते चौपट पाणी घालून रंग कालवावा. साईचा चक्का घेतला तर स्निग्धांशाचा चुन्याशी साबण होतो आणि रंग नीट धरत नाही. हे मिश्रण त्याच दिवशी संपवावे. जाड लावले तर सुकताना आकसून पापुद्रा सुटतो, म्हणून दोन पातळ हात.

सगळे झाल्यावर भिंतीला महिनाभर काही करू नये. दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात, कारण चुन्याला हवा हवी. पंख्याचा थेट झोत नको. व्हार्निश तर कधीच नको: चुना आतून ओल सोडत राहतो, व्हार्निश ती अडवते आणि पावसाळ्यात दुधी डाग उमटतात. व्हिट्रुव्हिअस मेणाचा हात सांगतो तो हिंगुळाला काळा पडू नये म्हणून, गेरूच्या भिंतीला त्याची गरज नाही. धूळ मऊ कोरड्या ब्रशने झाडावी. ओले फडके घोटलेल्या लाल-काळ्या जमिनीला चालते, चक्क्याच्या रंगांवर फिरवू नये. पहिल्या पावसाळ्यानंतर पांढरी भुकटी दिसली तर ती कोरडीच झाडून पंधरा दिवस थांबावे. पुन्हा आली तर दोष चित्रात नाही, भिंतीच्या मागच्या नळात किंवा गच्चीच्या गळतीत आहे.